त्रेसष्ट किलो

१

मी फिटर. खातं बांधकामाचं, पण पस्तीस वर्षांत मी जे केलं ते सगळं बिजागऱ्या, बोल्ट आणि कड्या यांच्याभोवतीच. हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, शाळेचं फाटक एका अंगाला लोंबायला लागलं, टाकीचा व्हॉल्व्ह फिरेना, की माझ्या नावाने हाका सुरू. सगळे मला मिस्त्री म्हणायचे. बायकोसुद्धा रागावली की "अहो मिस्त्री" म्हणायची. खरं नाव ऐकायला मिळायचं ते फक्त मतदानाच्या दिवशी.

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. जे झालं ते सांगतो.

एका सोमवारी साहेबांनी माझ्या हातात कागद ठेवला. तुरुंग, कक्ष क्रमांक चार, 'यांत्रिक सामग्रीची तपासणी व प्रमाणपत्र'. मुदत पुढच्या मंगळवारची. सामग्री म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं, तर साहेब खिडकीकडे बघत म्हणाले की चौदा वर्षांत ती वापरलेली नाही, गंज चढला असेल, हात जपून चालव. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. फाशीची तारीख पेपरात येऊन गेली होती, पुढचा बुधवार. नऊ वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीच्या टोकाला, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला त्यांच्याच दुकानात मारलं होतं. मारणारा त्यांच्याकडेच इस्त्रीच्या कामाला होता. कामावरून काढलं म्हणून पिऊन आला आणि हाताला लागली ती इस्त्री उचलली. त्याने ते कधी नाकारलंही नाही. त्या बाई माझ्या बायकोच्या मैत्रीण, आमच्या दोन्ही मुलांचे गणवेश त्यांच्या हातचे. त्यांची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. क्लासहून परत येऊन दुकानाचं दार उघडलं ते तिनेच.

घरी सांगितलं तेव्हा बायको भांडी पुसत होती. ताट कोरडं झालं तरी पुसतच राहिली.

"चांगलं झालं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "नीट करा पण. मधेच अडकायला नको. काय व्हायचं ते एकदाच होऊ दे."

मी म्हटलं, माझं काम मी नीटच करतो.

२

कक्ष चार म्हणजे तुरुंगाच्या पार मागच्या बाजूला एक उंच खोली. वर पत्रा, एका भिंतीत हातभर झरोका. दुसऱ्या भिंतीच्या पलीकडे एकांतातल्या कोठड्या, आणि त्यांतली एकच भरलेली. जेलरसाहेबांनी स्वतः कुलूप काढलं. हा माणूस पन्नाशीचा, सडपातळ, खिशात कायम घडी घातलेला रुमाल. आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं हळू बोलायचे.

मदतीला त्यांनी मला एक जन्मठेपेचा कैदी दिला. सव्वीस वर्षं आत होता. सुतारकामाच्या शेडवर त्याचाच शब्द चालायचा, म्हणून सगळे त्याला मुकादम म्हणत. भावकीच्या भांडणात चुलतभावाला मारलं, हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत स्वतःहून सांगून टाकलं. पाहुण्याला आधी पाणी द्यावं तसं.

सामग्री साधी होती. जमिनीत दोन झडपा, त्यांना खालून एक बोल्ट, बाजूला लोखंडी खटका. वर आडवी तुळई. झडपांच्या खाली विहिरीसारखी खोल खोली आणि तिच्यात उतरायला बाजूने जिना. लिफ्टपेक्षा कितीतरी सोपं काम. दोन दिवस आम्ही गंज खरवडला, बिजागऱ्यांना रॉकेल पाजलं, मग ग्रीस. बुधवारी सकाळी खटका ओढला तर झडपा लोण्यात सुरी फिरावी तशा सुटल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, काम जमलं की बरं वाटतं.

मग जेलरसाहेबांनी चिठ्ठी दिली. त्यावर एकच आकडा, त्रेसष्ट किलो, भिंतीपलीकडच्या माणसाचं वजन. जाड कॅनव्हासच्या पोत्यात तेवढी वाळू भरायची, रोज सकाळी झडपेवर उभं करून खटका ओढून बघायचा आणि मग ते दुसऱ्या दिवसापर्यंत दोरावर तसंच लोंबत ठेवायचं. नवा दोर ताणतो, तो ताण आधीच निघून गेलेला बरा. आम्ही वाळू भरली, काट्यावर तोलली, पोत्याचं तोंड आवळून गाठ मारली. चाचणी झाली. दार लावून घरी गेलो.

३

गुरुवारी सकाळी पोतं उतरवायला मी खालच्या खोलीत गेलो. गाठ सोडताना सगळं वजन अंगावर येतं, म्हणून पोतं आधी कवेत घ्यावं लागतं. मी दोन्ही हातांनी ते कवेत घेतलं, आणि सोडून दिलं.

पोतं गरम होतं.

उन्हात तापलेली वाळू मला माहीत आहे. ती वरवर चटका देते आणि आत बोट घातलं की गार लागते. हे तसं नव्हतं. झोपलेलं लेकरू उचलून आतल्या खोलीत नेताना त्याचं अंग लागतं, तशी ती ऊब होती. आतून येणारी.

मी भिंतीला हात लावला. भिंत गार. जमीन गार. जिन्याचा लोखंडी कठडा तर बर्फासारखा. वर मुकादम उभा होता, त्याला विचारलं की इथे खाली रात्रभर दिवा वगैरे असतो का. तो म्हणाला, खाली वीजच नाही.

पत्रा तापला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पत्रा वीस फुटांवर होता आणि सकाळचे साडेआठ वाजले होते, पण माणसाला समजूत घालायचीच असली की वीस फूट म्हणजे काही फार नाही. पोतं वर नेलं, झडपेवर उभं केलं, खटका ओढला. धाड. आवाज खोलीभर घुमला आणि विरला, तेव्हा भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं. हलकेच, घसा साफ करावा तसं.

मुकादमने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने झाडू घेतला आणि स्वच्छ असलेली जमीन झाडायला लागला.

४

यंत्रात बिघाड सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे मला उस्तादांनी शिकवलेलं. म्हणून त्याच वाळूचं, त्याच वजनाचं दुसरं पोतं भरलं आणि खालच्याच खोलीत कोपऱ्यातल्या हुकाला साध्या साखळीने टांगलं. जेलरसाहेबांना सांगितलं, जोडीला एक असलेलं बरं.

शुक्रवारी सकाळी कोपऱ्यातलं पोतं मातीच्या माठासारखं गार होतं. दोरावरचं गरम.

मी दोन्हींची अदलाबदल केली. कोपऱ्यातलं दोरावर, दोरावरचं कोपऱ्यात. तेव्हा मला वाटत होतं की मी फार शहाणपणा करतोय. शनिवारी सकाळी जिना उतरताना मी अर्ध्यावर थांबलो तेव्हा कळलं की उत्तर मला आधीच माहीत होतं. कालचं गरम पोतं गारठलं होतं आणि कालचं गार पोतं दोरावर लोंबत ऊबदार झालं होतं. कॅनव्हास किंचित ओलसरही होता, पाठीकडून. पोत्याला पाठ नसते, हे मला कळतं. पण मी हात लावला तेव्हा मनात शब्द आला तो हाच.

तुरुंगाच्या दवाखान्यात जाऊन मी कणकण आल्याची थाप मारली आणि थर्मामीटर मागून आणला, पाऱ्याचा. दोराच्या खाली जिथे पोत्याला घडी पडली होती तिथे खोचला आणि मनात तीनशे मोजले. बाहेर काढून बघायचा धीर झाला नाही. तसाच रुमालात गुंडाळून डॉक्टरीणबाईंकडे नेऊन दिला. त्यांनी तो उजेडाकडे तिरपा धरला, डोळे बारीक केले.

"साडेअठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. "ताप नाहीये. माणूस एकदम ठणठणीत आहे."

मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.

५

दुपारी शेडच्या सावलीत डबा खाताना मी मुकादमला विचारलं. पोत्याचं नाही. त्याबद्दल विचारायला तोंड उघडत नव्हतं, आणि शुक्रवारपासून तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीच्या खाली उतरायचा बंद झाला होता, एवढं मी पाहिलं होतं. मी दुसरंच विचारलं. म्हटलं, तुला निवडायला सांगितलं असतं तर काय निवडलं असतंस, ती खोली की ही सव्वीस वर्षं?

त्याने घास गिळला. मग म्हणाला की पहिली पाच वर्षं तो प्रत्येक जेलरला अर्ज करायचा, मला लटकवा म्हणून. हे जगणं मरणापेक्षा वाईट आहे, असं पानभर लिहायचा. अक्षर चांगलं होतं, त्यामुळे इतर कैदीही त्याच्याकडून तसेच अर्ज लिहून घ्यायचे.

"सहाव्या वर्षी दाढ दुखायला लागली," तो म्हणाला. "तीन दिवस नुसता तळमळत होतो. चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या पाया पडलो, म्हटलं काढा एकदाची. काढली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आणि मग लक्षात आलं, मरायला बसलेला माणूस दाढ कशाला काढायला जाईल? त्या दिवसापासून अर्ज बंद."

मी हसलो. तोही हसला, त्या बाजूला खरंच दात नव्हता.

मग त्याने मागच्या भिंतीकडे मान वळवली आणि म्हणाला की पलीकडचा पोरगा नऊ वर्षांत कोणाशी धड बोललेला नाही. आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याने जे केलं ते वाईटच, त्यात दुमत नाही. पण पहिली दोन वर्षं तो झोपेत इस्त्री मागायचा, खाली ठेवायला. "द्या, मी खाली ठेवतो," असं म्हणायचा. पहारेकऱ्यांनी सांगितलेलं.

माझ्या डब्यात अर्धं जेवण उरलं होतं. ते तसंच घरी नेलं.

६

रविवारी सुट्टी. गल्लीच्या टोकाला गणवेशाचं दुकान उघडं होतं. बाईंची मुलगी आता सव्वीस वर्षांची झाली होती, दुकान तीच चालवायची. शाळा सुरू व्हायला महिना उरला होता, त्यामुळे कापडाचे निळे ढीग छतापर्यंत. मला बघून तिने आत बोलावलं. माझ्या कामाबद्दल तिला कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. गल्लीत कोणाच्या घरी मीठ संपलं तरी सगळ्यांना कळतं.

"काका, बुधवारी नक्की ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मला फक्त बोल्टाचं कळतं.

ती उभ्याउभ्याच कॉलर कापत होती. कोर्टाच्या आजवर सत्तावन्न तारखा झाल्या, असं तिने सांगितलं. त्यातल्या निम्म्यांना तरी तिला जावं लागलं. दर वेळी नवा वकील, कधी नवे न्यायाधीश, आणि दर वेळी तिने ते दार पहिल्यापासून उघडायचं. एकदा परीक्षा बुडाली, एकदा ठरत आलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांना विचारायचं होतं की हे सगळं संपणार कधी. तिचा आवाज चिडका नव्हता. थकलेला होता.

"मला त्याचं काही नको," ती म्हणाली. "मला फक्त शेवटची तारीख हवी आहे."

मी मान हलवली. घरी येऊन हात धुतले, मग परत धुतले. बायको दारातून बघत होती. काय झालंय ते विचारलं तिने, पण मी सांगू शकलो नाही. कसं सांगणार? वाळूचा ताप मोजला आणि तो माणसाचा निघाला म्हणून?

७

सोमवारी मी खाली उतरलोच नाही. तुळईला कप्पी लावली आणि दोर तिच्या चाकावर घेऊन वरूनच पोतं ओढून काढलं. वर येताना ते हळूहळू फिरत होतं आणि त्याची ओलसर बाजू माझ्याकडे आली की मी मान वळवत होतो. त्रेसष्ट किलो वाळू मी जन्मभर उचलत आलोय. वाळू निर्जीव असते, ओढताना हातात तिचं वजन मेलेलं लागतं. हे वजन तसं नव्हतं. आपण कोणाला ओढून घेतो तेव्हा समोरचा अंग आखडतो ना, तसं ते जरा मागे ओढत होतं. चाकात घर्षण असेल. मी चाकाला तेल दिलं.

मंगळवार. शेवटची चाचणी जेलरसाहेबांसमोर व्हायची होती, तिच्यानंतर माझी सही. सकाळचे दहा वाजले होते, झरोक्यातून आलेलं ऊन थेट झडपांवर पडलेलं. जेलरसाहेब कागद घेऊन दाराशी उभे. मुकादम त्यांच्या मागे.

मी पोतं उभं केलं आणि दोराची गाठ नीट बसवायला त्याच्या अगदी जवळ गेलो. तोंड आवळल्यामुळे पोत्याचा वरचा भाग मानेसारखा बारीक झाला होता. माझं नाक त्यापासून वीतभर. उजेड इतका स्वच्छ होता की कॅनव्हासचा धागान् धागा दिसत होता. माझी बोटं गाठीवर होती.

गाठीच्या खाली कॅनव्हास हलला. आधी वर, मग खाली.

पोत्याने आवंढा गिळला.

वाळू सरकते, मी मनात म्हटलं. वाळू भरली की बसते, खाली सरकते, हे कोणीही सांगेल. खाली सरकते. वर नाही.

मी मागे झालो आणि खटक्यापाशी जाऊन हात ठेवला. लोखंड गार होतं, ओळखीचं, माझ्याच ग्रीसने चकचकलेलं. ओढायला एका बोटाचं बळ पुरलं असतं, इतकं मी ते चांगलं केलं होतं. भिंतीपलीकडून त्या दिवशी खोकला आला नाही. काहीच आलं नाही. श्वास रोखला की जी शांतता होते ती होती, फक्त श्वास कोणी रोखलाय ते कळत नव्हतं. माझ्यासमोर गणवेशवाल्या बाई आल्या, तोंडात टाचण्या धरून माझ्या पोराच्या खांद्याचं माप घेणाऱ्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माप घेत होत्या फक्त.

"साहेब," मी म्हटलं, "यंत्रणा निकामी आहे."

जेलरसाहेबांनी हळू आवाजात विचारलं की कालपर्यंत तर व्यवस्थित चालत होती ना. मी म्हटलं काल चालत होती. ते पुढे आले. खटका बघितला, झडपा बघितल्या आणि मग पोतं जरा कललं होतं ते सरळ करायला त्यावर तळहात टेकवला.

हात तिथेच राहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही. मुकादमने खाली बघितलं.

मग जेलरसाहेबांनी हात काढून घेतला, खिशातला रुमाल काढून घडी उलगडली आणि एकेक बोट पुसलं. चेहरा होता तसाच होता. फक्त कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"बोल्ट अडकतो."

त्यांनी लिहिलं. मी सही केली, खाली त्यांनी केली. बाहेर आल्यावर कुलूप लावताना ते म्हणाले, "मिस्त्री, नोकरीत खोटं लिहायची माझी ही पहिली वेळ."

मी म्हटलं, माझीही.

८

पुढचं सगळं कागदांनी केलं. दुरुस्तीसाठी दुसरा फिटर लांबून यायचा होता आणि नवी तारीख काढायची तर दोन आठवड्यांची नोटीस द्यावी लागते, असा नियम. भिंतीपलीकडच्या पोराच्या वकीलबाईंनी शेवटचा म्हणून एक अर्ज केलेला होता. त्याची सुनावणी शुक्रवारी होती, म्हणजे ठरल्याप्रमाणे झालं असतं तर दोन दिवस उशिरा. तारीखच टळल्यामुळे ती सुनावणी झाली. नऊ वर्षं मरणाच्या दाराशी एकट्याला बसवून ठेवणं ही एक शिक्षा भोगूनच झाली, असं कोर्टाने म्हटलं आणि फाशीची जन्मठेप केली. दुसरा फिटर आलाच नाही. माझी चौकशी झाली, बढती कायमची अडली. दोन सह्या असल्यामुळे प्रकरण तिथेच थांबलं.

बायकोला मी सगळं सांगितलं, थर्मामीटरसकट. तिने मला वेड्यात काढलं नाही. दोन दिवस बोलली मात्र नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला नका सांगू. तिला जाऊन सांगा. तिच्या तोंडावर."

गेलो. ती कापड कापत होती. मी उभाच राहिलो आणि सांगितलं की बोल्ट अडकत नव्हता, मी खोटं लिहिलं. तिची कात्री थांबली नाही. खडूची रेघ संपेपर्यंत तिने कापलं आणि मग विचारलं, का? मी म्हटलं, पोतं गरम होतं. याहून जास्त मला सांगता येईना. ती कात्री फेकून मारेल असं वाटलं, आणि मारली असती तरी मी तक्रार केली नसती.

तिने कात्री खाली ठेवली.

"मी आत आले तेव्हा आई गरम होती," ती म्हणाली. "सगळे म्हणत होते गेली, सोड तिला. मी सोडत नव्हते. गरम आहे, गरम आहे, एवढंच म्हणत होते. कोणी ऐकलं नाही."

तिने कापलेला तुकडा घडी करून बाजूला ठेवला. मग तिने विचारलं की आता पुढची तारीख कधी.

मी म्हटलं, तारीख नाही. जन्मठेप झाली, कोणी अपील करणार नाही. कोर्टाचं काम संपलं.

"म्हणजे मला बोलावणार नाहीत?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, बेटा."

ती मागच्या स्टुलावर बसली. ओढणीने तोंड पुसलं, निळ्या कापडाच्या ढिगांकडे बघितलं, जणू ते आत्ताच कोणी आणून ठेवलेत. "मी त्याला माफ नाही केलं हं, काका," ती म्हणाली. मी म्हटलं, ते तुझं तू बघ, त्याची घाई कोणाला नाही. ती उठून म्हणाली, थांबा, चहा ठेवते. आणि ठेवला.

९

माझी अवजारं तुरुंगातच राहिली होती. ती आणायला आठवड्याने गेलो. पुन्हा कक्ष चारकडे जायची वेळ येऊ नये म्हणून मुकादमने ती आधीच शेडमध्ये आणून ठेवली होती, पुसून, मापाप्रमाणे लावून. आम्ही दाराशी बोलत उभे असताना मागच्या अंगणाकडून एक पहारेकरी आणि एक कैदी येताना दिसले.

तो तोच होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. हडकुळा, तेहेतीस वर्षांचा, पण पन्नाशीचा वाटणारा. काखेत वळकटी. त्याला सगळ्यांच्या बराकीत हलवत होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम सुतारशेडमध्ये लागणार होतं. मागच्या अंगणापासून शेडपर्यंत सरळ मोकळी वाट, शंभर एक पावलांची, लख्ख उन्हातली.

तो बऱ्यापैकी भराभर चालत होता. आणि मग एकदम थांबला, गर्रकन वळला आणि परत जायला लागला. पहारेकऱ्यावर आदळलाच. पहारेकऱ्याने खांद्याला धरून त्याला फिरवलं. तो पुन्हा चालायला लागला, पुन्हा तेवढंच अंतर गेला, पुन्हा वळला.

 मला वाटलं, झालं, आता हे काय नवीन.

"मागचं अंगण सोळा पावलांचं आहे," मुकादम शांतपणे म्हणाला. "नऊ वर्षं तो तेवढंच चाललाय. सोळा झाली की भिंत येते."

पहारेकऱ्यालाही ते उमगलं असावं, कारण तिसऱ्यांदा त्याने ओरडायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं. तो माणूस वाटेच्या मधोमध उभा होता. समोर काहीच नव्हतं, नुसतं ऊन. त्याने हात पुढे करून हवेत चाचपलं, भिंत कुठे आहे ते बघायला. हात रिकामाच पुढे गेला.

मुकादम माझ्या शेजारून निघाला. सावकाश, गुडघा धरत, त्याच्यापर्यंत गेला. काखेतली वळकटी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"चल," तो म्हणाला. "अजून आहे."

त्या माणसाने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. पाण्यात उतरताना लहान मूल टाकतं तसं त्याने सतरावं पाऊल टाकलं. मग अठरावं.